तार काढली का?

बाबा गेले आणि पंधरवड्यात त्यांची गाडीही मरायला लागली.

एकदाच मेली असती तर ठीक होतं. ती दर दोन-तीन दिवसांनी मरायची.

मी चावी फिरवायची, आतून नुसतं टक... टक... आणि शेजारच्या सीटवर आई, मांडीवर पर्स घेऊन, डायलिसिसला जायच्या तयारीत.

रिक्षात तिला चढता येत नाही. कॅबवाला गल्लीच्या तोंडाशी येऊन कॅन्सल करतो. आणि दवाखान्यात उशीर झाला की तिची मशीन दुसऱ्याला देऊन टाकतात.

मी परत परत चावी फिरवायची. आई शांत.

"काहून इतकी घाबरून राहिली वं? होते चालू."

"कधी? संध्याकाळी?"

धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत ज्यांच्याशी पार्किंगवरून बोलणं बंद होतं, त्यांनीसुद्धा धक्का मारला.

नवीन बॅटरी टाकली. तीही बसली.

मेकॅनिक म्हणाला, "गाडी म्हातारी झाली ताई, विकून टाका."

विकून टाका म्हणे!

शेवटी एका रविवारी व्हिडिओ बघून मीच बसले. मी! जी मिक्सरचा प्लग लावतानाही डोळे मिटून घेते.

गाडी बंद, चावी खिशात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि बॅटरी नि तार यांच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावला. सगळं बंद असेल तर हा दिवा लागायला नको.

लागला. बारीक, पण लागला.

म्हणजे कोणीतरी गुपचूप करंट पिऊन राहिलं होतं.

एकेक फ्यूज काढत गेले. हेडलाइटचा काढला, दिवा तसाच. हॉर्नचा काढला, तसाच.

स्टिरिओचा काढला आणि दिवा विझला.

स्टिरिओ बाबांनी स्वतःच्या हाताने बसवला होता, कोणाला जवळही येऊ दिलं नव्हतं. आता ओढून बाहेर काढला.

स्टिरिओला करंटच्या दोन तारा असतात. पिवळी कायम चालू, घड्याळ आणि स्टेशन लक्षात ठेवायला. लाल चावीवर. चावी काढली की लाल बंद आणि स्टिरिओही बंद.

बाबांनी दोन्ही एकत्र पिळून कायम चालू असलेल्या तारेला जोडल्या होत्या. आणि वर काय गुंडाळलं होतं? साडीचा फॉल! गुलाबी!

गांधीबागेच्या बाजारात त्यांचं फॉल-अस्तरचं दुकान होतं, म्हणून काय तारेलाही फॉल लावायचा?

चालू तारेवर कापड, नागपूरचा उन्हाळा, आणि आत आम्ही सगळे.

"आई, बाबांनी हे काय करून ठेवलं! आग लागली असती ना!"

आई दारात आली. फॉल पाहिला आणि चक्क हसली.

"माह्यासाठी केलं होतं वं ते."

गांधीबागेत गाडी लावायला जागा कुठे? बाबा माल बघायला ठोक दुकानांत जायचे आणि आईला राखणीला गाडीत बसवून ठेवायचे. टोइंगवाले आले की काच खाली करून तिने म्हणायचं, "येऊनच राहिले ते, भाऊ." आत बाईमाणूस पाहून ते पुढे जायचे.

चावी मात्र बाबांच्या खिशात. गाडीत चावी सोडणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप.

"मी म्हटलं, मी बसली आहो ना गाडीत, चोर कुठून येते? तं म्हणे, चोर तुले अर्ध्या रस्त्यातून परत आणून सोडते, गाडी नाही आणत."

मग?

"मग म्हटलं, बसून बसून कंटाळा येते मले. दुसऱ्या दिवशी हे तारा घेऊन बसले. चावी नसली तरी तुले गाणे ऐकता आले पाहिजे म्हणे."

तेव्हा मला ते आठवलं.

रोज संध्याकाळी घरी आले की बाबा बॉनेट उघडून बॅटरीची तार काढून ठेवायचे. सकाळी परत लावायचे. घड्याळ नव्याने लावायचे, आईचं स्टेशन नव्याने शोधायचे.

आम्ही हसायचो. विचारलं तर म्हणायचे, "उंदीर असते वं, शॉर्ट होते."

आई स्वयंपाकघरातून विचारायची, "तार काढली का?"

"काढली!"

देवापाशी दिवा लावल्यासारखं, रोजचं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. बॅटरी बसते हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं असणार. तारा वेगळ्या करणं काही मोठं काम नव्हतं. ते त्यांनी केलं नाही, रोज बॉनेट उघडलं.

ते गेले आणि तार काढायचं आम्हाला कोणालाच सुचलं नाही.

पण मी शहाणी ना! लाल तार चावीवर घेतली, नीट टेप लावला. गाडी एका झटक्यात चालू व्हायला लागली. मला झोप लागायला लागली.

पुढच्या डायलिसिसला आईला गाडीत बसवून नंबर विचारायला आत गेले. परत आले तर ती स्टिरिओचं बटण दाबून राहिली होती.

"बंद पडला वं हा."

"चावी माझ्याकडे होती ना आई. ही घे, तूच ठेवत जा."

"नको माय. गाडीच चालू झाली तं?"

आणि तिने हात काढून मुकाट्याने मांडीवर ठेवला. मला इतकं रडू आलं की चावी पडल्याचं सोंग करून मी खाली वाकले.

त्याच संध्याकाळी लाल तार पुन्हा पिवळीला जोडली. मध्ये फ्यूज टाकला. फॉल नाही लावला. माफ करा बाबा, आगीला मी लय भिते.

तेव्हापासून रोज बॉनेट उघडते.

समोरचे काका विचारतात, "काहून काढून राहिली वं रोज?"

"उंदीर असते काका."

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. पाहुणे येऊन गेले, ताटं उचलली. संध्याकाळी हातात पाना घेऊन गाडीपाशी उभी होते आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. वर्षभर तिने हे कोणालाच विचारलं नव्हतं.

"तार काढली का?"

पाना फिरवला, तार बाजूला केली.

"काढली!"

बाबा, तार काढली आहे. झोपा आता निवांत.