रिकामा ठेवलेला रकाना

नाशिकमध्ये मी पस्तीस वर्षं गोळाफेक शिकवली. आता गुडघे गेलेत, तरी सकाळी मैदानावर खुर्ची टाकून बसतो. नवे प्रशिक्षक मुलांना माझ्या पाया पडायला लावतात. त्यांना जे ठाऊक नाही, ते सांगून टाकतो.

पेठकडची एकोणीस वर्षांची एक मुलगी माझ्याकडे होती. खांद्यावर लोखंडी दांडा घेऊन बैठका मारताना ती कधी कुरकुरली नाही. खाणं म्हणजे नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी, आणि मी सांगितली म्हणून अंडी. फेक हळूहळू वाढत होती. घाई मला होती. माझा एकही विद्यार्थी तोवर राष्ट्रीय स्पर्धेत पदकापर्यंत पोचला नव्हता.

एका जुन्या विद्यार्थ्याने पावडरीचा डबा आणून दिला. "सगळे घेतात, सर." डब्यावरची छपाई धड वाचताही येत नव्हती. तरी मी तो तिला दिला.

"सर, हे कशाचंय?"

"दुधाचंच. ताकद येते."

"मग दूधच पिते ना!" ती हसली. पण मी म्हटलं म्हणून रोज घेत राहिली.

राष्ट्रीय स्पर्धेत ती दुसरी आली. लगेच लघवीच्या तपासणीसाठी नेलं. सोबत मी होतो. फॉर्ममध्ये एक रकाना होता : गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं, पावडरी, गोळ्या. पेन थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"पावडर लिहू ना, सर?"

"नको. उगाच चौकशी मागे लागेल. काही नाही असं लिही."

तिने लिहिलं.

पुढे पत्र आलं. नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं होतं. सुनावणीत तिने पावडरीचं सांगितलं. समितीने फॉर्म पुढे ठेवला. मग डबा मागितला. तो तिच्या आईने राखेने घासून, कागद काढून, बियाण्याच्या नागलीने भरून ठेवला होता. शेवटी मला विचारलं. मी म्हणालो, "ती घरी काय खाते, मला कल्पना नाही."

चार वर्षांची बंदी लागली. गावात लोक म्हणाले, पोरगी इंजेक्शनं घ्यायची. मी ते ऐकलं आणि गप्प बसलो.

गेल्या महिन्यात मी सगळं कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि सिन्नरला गेलो. तिथे एका कारखान्यात ती आता खोकी भरते. सुट्टी झाल्यावर फाटकाबाहेर आली, वाकून नमस्कार केला. तिला थांबवण्याचाही धीर मला झाला नाही. मी कागद दिला. तिने उभ्यानेच सावकाश वाचला.

"आता हे कुणाला देऊ, सर?"

"समितीला पाठवू आपण."

"पाठवा. पण बंदी तर कधीच संपली. आणि माझा बाप गेला. त्याला मी शेवटपर्यंत सांगत होते, मी काही चोरून घेतलं नाय."

तिची बस लागली होती.

"त्या दिवशी फॉर्म भरताना तुम्ही शेजारीच बसला होता ना?" तिने विचारलं. "नंतर मलाच वाटायला लागलं होतं, की तुम्ही तसं म्हणालाच नव्हता."

"म्हणालो होतो," मी म्हटलं.

तिने मान हलवली, कागद घडी करून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवला आणि बसमध्ये चढली. समितीला पाठवलेल्या प्रतीचं उत्तर अजून आलेलं नाही.