बांधावरच्या शेवग्याची सावली

शेवगा लावायच्या आधी मी सावलीचा अंदाज घेतला, पण फक्त सकाळचा. आमच्या वावराच्या पश्चिमेला बांध, बांधापलीकडं चुलतभावाचं वावर. बांधावरच्या जुन्या बाभळीची सावली सकाळी पलीकडं पडलेली पाहिली आणि ठरवलं, झाडं आपली, शेंगा आपल्या, सावली भावाला! ही अक्कल मी राजूरच्या हॉटेलात चहाबरोबर सगळ्यांना वाटलीसुद्धा. दुपारी सावली आपल्याकडं फिरते, हे मला कुठून कळणार? दुपारी मी घरी झोपलेला असतो.

दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत शेवगा माझ्या डोक्याच्याही वर वाढला. बायकोनं बांधालगतच वांगी, मिरची, पालक लावला होता. विहीर तळाला गेली की आमच्याकडं रोज बेसन. यंदा पोरांना हिरवी भाजी खाऊ घालायचीच, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

एकदा दुपारी तिचा डबा घेऊन गेलो, तर सगळी सावली भाजीवर! भाऊ बांधावरच बसला होता.

"काय राव, सावली माझ्यासाठी लावल्ती म्हणं? रस्ता चुकली का?"

मी तणतणत कुऱ्हाड काढली. "सावलीत भाजी येत न्हाई. तोडूनच टाकतो."

बायको आडवी आली. "मिरगापर्यंत हात लावू नका. भाजी गेली तर मीच कुऱ्हाड हातात देते."

मग ऊन असं तापलं की ढेकळाला पाय लावायची सोय राहिली नाही. भावाच्या मिरच्या दुपारी माना टाकायच्या. पानं पिवळी पडून गळायला लागली. आमच्या वाफ्यात मात्र ओल टिकून होती. विहिरीचं उरलंसुरलं पाणीसुद्धा पुरलं. वहिनी टोपली घेऊन पालक न्यायला येऊ लागल्या, आणि भाऊ म्हणाला, "सकाळची सावली घेऊन मी काय करू? दुपारची दे की!"

त्या संध्याकाळी पोरं वांग्याची भाजी पुन्हा पुन्हा मागून घेत होती. मी ऐटीत म्हणालो, "बघ, माझी सावली कशी कामी आली."

तव्यावरची भाकरी उलटत बायको म्हणाली, "ती कुठं पडणार ते मला तुम्ही शेवग्याची रोपं आणली तवाच ठाऊक व्हतं. दुपारी वावरात मीच असते न्हाई का? पण तवाच सांगितलं असतं, तर तुम्ही झाडं लावली असती का?"