वसंताची खोली भाड्यानं द्यायची नव्हती

वसंता गेल्याची खबर आली तवा मी न्हाव्यासमोर बसून होतो. अर्धी दाढी झाली होती, अर्धी फेसात होती. तसाच उठलो अन् नागपूरच्या महाल वस्तीत त्याच्या घरी पोचलो. लोकायले वाटलं, दोस्त गेला, येडा झाला बिचारा. दोघा-तिघांनी माह्याच खांद्यावर हात ठेवला. वसंताची बायको, शकुन वहिनी, रडता रडता माह्याकडे पाहून म्हनली, "भाऊजी, ते तोंड तं धुवा."

आता महिना होऊन गेला. मले सही करता येते, त्याच्यापुढं लिहिता येत नाही. मी बोलून राहिलो अन् माही सून लिहून राहिली. मधातच हसते, म्हनून अक्षर वाकडं आलं असन तं ते तिचं नाही, माहंच समजा.

वसंता सरकारी दफ्तरात कारकून अन् मी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी पंक्चरवाला. त्याची सायकल इतकी पंक्चर व्हायची का लोक म्हनत, रस्त्यावर खिळे हा नाम्याच पेरते. इतकं डोकं असतं तं दुकान मोठं केलं नसतं का मी?

एकाहत्तरची लढाई सरली, त्याच्या पुढचा उन्हाळा होता. वहिनीले दिवस होते, तिसऱ्यांदा. पहिलं पोटातच गेलं होतं. दुसरं दवाखान्यात, पाचवी पुजायच्या आधी... त्या वक्ती पाळना, टोपडी, झबली, सगळं आधीच घरात येऊन पडलं होतं. म्हनून आता वसंताच्या मायचा कायदा होता. लेकरू येऊन रडल्याबिगर त्याच्यासाठी घरात दोरा आनायचा नाही, अन् त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही.

पन बाळंतपनाची खोली मोठी वंगाळ. धुरानं काळी पडलेली, भिंतीचे पोपडे सुटलेले. वसंता एक दिवस दुकानात येऊन बसला. "नाम्या, वरून चुना पडते गा. अंगावर पडला तं?" कोनाच्या अंगावर, ते बोलला नाही. मी म्हनलं, "रंगवून टाकू. मायले सांगू का भाडेकरू ठेवायचा हाय." डोकं माहं होतं, म्हनूनच पुढचं सगळं झालं.

इतवारीच्या बाजारात रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हने, "कौन सा कमरा है?" वसंता डबे पाहू लागला. मी म्हनलं, "सोने का." "कौन सोएगा?" मी म्हनलं, "कोई नहीं सोएगा." दुकानदार समजला, लेकरू येनार, अन् हसला. वसंता असा घाबरला का समोर जो डबा होता तो घेऊन बाहेर. दुकानातल्या बल्बाखाली तो रंग पिस्त्यावानी दिसत होता. भिंतीवर लावला तं दवाखान्याचा हिरवा. वसंता कुची घेऊन तसाच उभा राहिला. "असाच रंग होता रे तेथं," म्हने. जवळ पिवडीचा, पिवळ्या भुकटीचा, पुडा होता, तो मी अख्खा डब्यात रिकामा केला. रंग असा झाला, जसं वरनात मेथी पडली. त्यात शिडीवरून उतरता उतरता माहा पाय त्याच डब्यात गेला. वसंता हसला... कितीक महिन्यांनी हसला. म्हने, "हाच ठेव. असा रंग कोनत्याच दवाखान्यात नसन."

इकडे माहं तोंड. पंक्चर काढता काढता येनाऱ्या-जानाऱ्याले सांगत होतो का वसंताकडे खोली हाय, नवा रंग हाय. खोटं पक्कं झालं पाहिजे ना! एका रविवारी कामठीचा एक मास्तर रिक्षात ट्रंक अन् वळकटी घालून दारात हजर. त्यानं खोली पाहिली, भिंतीवर हात फिरवला, हात रंगला, तरी म्हने, "पसंत हाय." वसंताचं तोंड उतरलं. नाही म्हनाव तं कारन द्या लागते, अन् कारन द्याव तं लेकराचं नाव निघते. त्यानं माह्याकडे पाहिलं. मी रिक्षाच्या चाकाची हवा पाहू लागलो.

माय पायरीवर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हनली, "मास्तर, खोली देल्ली हाय."

"कोनाले?"

"हाय एक जन. पोळ्याच्या सुमारास येनार हाय."

"मी भाडं जास्त देईन, माय."

"तो तं काहीच देत नाही. वरून आमालेच रातभर जागवन. पन खोली त्याचीच हाय."

मास्तरनं दारातल्या वहिनीकडे पाहिलं, अन् ट्रंक उचलली. "येऊ द्या सुखरूप," म्हने. तो गेल्यावर माय माह्याकडे वळली. "काहून गा नाम्या, अख्ख्या नागपुरात बोंबलून आला का? अन् तो हिरवा पाय धू. येनारं भेईन."

त्याच सांजेले आम्ही काम सरवत आनलं. दारामागं हातभर जागा राहिली होती. मी कुची बुडवली तं वसंतानं माहा हात धरला. "राहू दे. खोली तयार झाली असं नको म्हनू." पोळ्याले पोरगी झाली, अन् अशी रडली का गल्ली जागी झाली. मी रंग घेऊन गेलो. वसंता म्हने, "पाचवी होऊ दे." मंग म्हने, "दात येऊ दे." मंग, "शाळेत जाऊ दे." किती दिवाळ्या झाल्या, घराले कितीक रंग लागले, पन हातभर जागा तशीच. पोरीच्या लग्नात पाहुने विचारत, "हे काहून सुटलं?" वसंता म्हने, "नाम्यानं रंगवलं होतं." लोकायले लगेच पटे.

परवा पोरगी म्हनली, "काका, घराले रंग लावू यंदा." दार पुढं ओढून तिनं मागं पाहिलं. "बाबा तं नाही आता. हे भरून टाकू का?"

मी इचारलं, "तुहं वय काय झालं वं?"

"पन्नास."

"मंग राहू दे अजून," म्हनलं, अन् दार भिंतीले लावून देल्लं.