‘यू शुडन्ट हॅव’ म्हणजे काय

दोन वर्षांपूर्वी थंडीत आमच्याकडे एक परदेशी बाई तीन आठवडे राहिल्या. घराच्या मागच्या अंगाला आम्ही पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. तिथे बहुतेक कोल्हापूरकडची माणसं येतात, समुद्रावर जातात, मासे खातात आणि दोन दिवसांत परततात. या बाई कातळावरची जुनी खोदचित्रं बघायला आल्या होत्या. सत्तरीच्या, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. सकाळी माझे यजमान त्यांना रिक्षाने सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, सोडत. ऊन चढेपर्यंत त्या तिथेच कातळावर बसून वहीत चित्रं काढत.

माझं इंग्रजी दहावीपर्यंतचं. त्यांच्या बोलण्याची मला गंमत वाटायची, कारण शब्द सगळे ओळखीचे असायचे आणि वाक्याचा पत्ता लागायचा नाही. पहिल्याच दिवशी मी जेवणाचं काही विचारलं, तर त्या म्हणाल्या, “कम अगेन?” मी दाराबाहेर गेले आणि पुन्हा आत आले. त्या बघतच राहिल्या. मग त्यांनी कानाला हात लावून दाखवला, तेव्हा कळलं की त्यांना ऐकू आलं नव्हतं. त्यानंतर मी लाज सोडली आणि अडेल तिथे विचारायला लागले. त्याही न कंटाळता सांगायच्या.

त्यांचे गुडघे दुखायचे. कातळावर बसून उठताना त्यांना त्रास होतो, असं यजमानांनी सांगितलं, म्हणून मी जुन्या सुती साड्यांचं एक जाड आसन शिवलं. दुपारी दुपारी बसून, गोधडीला घालतात तसे बारीक टाके घातले. आठ दिवस गेले त्यात. पुरं झालं तसं संध्याकाळी चहाबरोबर नेऊन त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, “ओह, यू शुडन्ट हॅव.”

यातला शब्दन् शब्द मला येत होता. तू हे करायला नको होतंस. मी सॉरी म्हटलं, त्यांच्या हातातून आसन घेतलं आणि आत येऊन कपाटात कपड्यांखाली ठेवून दिलं.

यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, “नको म्हणाली तर नको. कशाला मनाला लावून घेतेस गो.” पण मला ते लागलं होतं. जुन्या साड्यांचं म्हणून त्यांना किळस आली असेल का, असंही मनात येऊन गेलं. पुढचे दिवस मी चहा ठेवायचे आणि परत फिरायचे. त्याही वहीत मान घालून बसायच्या. अर्थ विचारायची सवय होती, नेमकं हेच वाक्य विचारायला तोंड उघडेना.

जायच्या आदल्या दिवशी त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. वहीतलं एक पान त्यांनी माझ्यापुढे धरलं. त्यात मी होते, मागच्या पायरीवर विळी घेऊन मासे साफ करणारी. अगदी पदर खोचलेला तस्साच. माझ्या तोंडून आपसूक निघालं, “अहो, कशाला एवढं?”

त्यांनी अर्थ विचारला. मी जुळवाजुळव करून इंग्रजीत सांगितलं की, तुम्ही हे का केलंत, असं मी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला आणि कागद धरलेला हात मागे गेला. मी घाईने म्हटलं, नाही नाही, मला हवंय, मला फार आवडलंय. आम्ही आपलं म्हणतो तसं. आनंद झाला की म्हणतो.

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. मग हळूच विचारलं, “आणि ते आसन?”

“तुम्ही म्हणालात, करायला नको होतंस.”

त्यांनी कपाळाला हात लावला. “आम्हीसुद्धा नुसतं म्हणतो,” त्या म्हणाल्या.

मी जाऊन कपाटातून आसन काढून आणलं. ते पायरीवर टाकून त्या तिथेच बसल्या. मीही शेजारी बसले. मग त्यांनीही त्यांची एक अडचण काढली. शेजारची वहिनी रोज ‘येते हं’ म्हणून निघून जाते. या शब्दाचा अर्थ येणं असा त्यांना कुणीतरी सांगितला होता, म्हणून पहिले काही दिवस त्या तिची वाट बघत अंगणात बसायच्या. आपण निघताना ‘जाते’ म्हणत नाही, हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. का म्हणत नाही ते इंग्रजीत सांगताना माझी बरीच दमछाक झाली.

आता आमचं फोनवर लिहिणं चालतं. गेल्या महिन्यात मी लिहिलं, माझाही गुडघा धरायला लागलाय. त्यांचं उत्तर आलं, “टेल मी अबाउट इट.” एवढ्या आपुलकीने विचारतायत म्हणून मी सगळं सविस्तर लिहिलं: कुठला गुडघा, कुठल्या पायरीवर कळ येते, रात्री तेल लावून किती वेळ चोळते. पुण्याहून मुलगी आली होती, तिने ते वाचलं आणि हसत सुटली. म्हणाली, आई, त्याचा अर्थ ‘मला काय सांगतेस, मीही तेच भोगतेय’ असा आहे, त्यांनी काही विचारलं नव्हतं.

मी तिला त्याखालचं उत्तर दाखवलं. बाईंनी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांबद्दल माझ्याहून लांब लिहिलं होतं, आणि शेवटी तेलाचं नाव विचारलं होतं.