आत्याबाईंचा विस्तव

माझ्या सासूबाईंमुळे एका माणसाचा खून झाला होता.

आज सकाळी त्या गेल्या. "मी गेल्याव सांग, पन समद्यांना सांग," असं त्यांनीच बजावलं होतं. म्हणून सांगते. पोस्ट मोठी आहे, वाचा.

आधी आमचं गाव सांगते, त्याशिवाय कळणार नाही.

कामशेतपासून आत, डोंगराच्या कुशीत दोन वाड्या. वरची आणि खालची. मध्ये एक ओढा आणि थोडी भातखाचरं. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर.

तरी पाणवठे दोन. गणपती दोन. एसटीचे स्टॉपसुद्धा दोन, ड्रायव्हर वैतागतो.

मी लग्न होऊन वरच्या वाडीत आले तेव्हा हसले होते. कारण विचारलं की सगळे एकच उत्तर द्यायचे. "त्यांनी आमचा माणूस मारला." खालचे म्हणायचे, "त्यांनी आमचा राब जाळला."

राब म्हणजे भाताचं रोप तयार करायची जागा. शेण, टाहळ म्हणजे झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा थरावर थर रचायचा आणि पावसाच्या आधी, नेमक्या वेळी भाजायचा. लवकर पेटला तर राख वाऱ्यावर जाते. वर्षाचं भात गेलं समजायचं.

लढाईचे दिवस होते, दुसऱ्या महायुद्धाचे. काडेपेटी मिळायची नाही. चूल विझली की शेजारच्या घरून विस्तव आणायचा, ही रीतच होती.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई ठकूबाई, तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या. माहेर खालच्या वाडीत. त्या दुपारी त्यांच्या आळीत एकही चूल पेटती नव्हती. त्या ओढा ओलांडून वर आल्या. अंगणात महादू एकटा पावसात पांघरायचं इरलं विणत बसला होता. महादू म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. घरचे बाकी सगळे रानात.

महादूनं चुलीतली पेटती शेणी काढून खापरावर ठेवली. म्हणाला, "वाऱ्याला पाठ करून जा, पोरी."

पोर होती ती. निम्म्या वाटेत विसरली.

ठिणगी उडाली ती थेट तिच्याच घरच्या राबावर. हातांनी विझवायला गेली, हात काळे झाले. मग खापर ओढ्यात टाकलं आणि घरी पळाली. कुणालाच काही बोलली नाही.

वरच्या वाडीशी डोंगरातल्या टाहळावरून महिन्याभरापूर्वीच काठ्या चालल्या होत्या. राब पेटलेला बघून तिच्या बापाला दुसरं काही सुचलंच नाही. चार माणसं आणि कोयते घेऊन तो वर गेला. ठकू मागे मागे पळाली.

"राब कुनी पेटवला?"

महादूनं मान वर केली. माणसांकडं बघितलं. मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या पोरीकडं. तिच्या हातांकडं.

"मला ठावं न्हाई," म्हणाला.

पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा मानेवर. अर्धं विणलेलं इरलं रक्तानं भरलं. तो पडला तरी ते थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वरची वाडी खाली उतरली. दोन घरं पेटवली. गोठ्यातल्या बैलांच्या पायांच्या शिरा तोडल्या, बैल पडून हंबरत होते. ठकूच्या चुलत्याचा हात कोपरापासून गेला. मग पोलीस आले. बाप तुरुंगात गेला आणि तिथंच मेला.

चार-पाच वर्षांनी पंचांनी ठरवलं, सोयरीक करून वैर मिटवायचं. खालची एक मुलगी महादूच्या घरात, त्याच्या धाकट्या भावाला द्यायची. कुणी तयार होईना.

ठकू म्हणाली, "मी जाते."

महादूच्या आईच्या हाताखाली ती नांदली. म्हातारी फुंकणीनं मारायची, जळक्या लाकडानं मारायची. आत्याबाईंच्या दंडावरचे डाग मी रोज आंघोळ घालताना बघायचे. वैर काही मिटलं नाहीच.

हे सगळं मला तीन वर्षांपूर्वी कळलं. गॅस संपला होता. मी म्हटलं, शेजारून लायटर आणि थोडी लाकडं आणते. त्यांनी माझा हात धरला.

"तू परंदवडीची. ना हितली, ना तितली. तुला सांगते."

सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "त्याला कळलं व्हतं गं. माजं हात बघितलं त्यानं. एक शबुद बोल्ला आस्ता तर वाचला आस्ता."

मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी बी एक शबुद बोल्ले न्हाई."

मी त्यांना जवळ घेतलं नाही त्या दिवशी. राग आला होता मला. आज त्याचं फार वाईट वाटतंय.

त्यांची शेवटची इच्छा एकच. चितेचा विस्तव माहेरच्या चुलीतून यावा.

आज दुपारी मी मडकं घेऊन खाली त्यांच्या माहेरी गेले. मी आल्यापासून आमच्या घरातलं कुणी त्या अंगणात कधी गेलं नव्हतं. त्यांचा भाचा दारात उभा. माणसं जमली. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, जसं तुम्हाला सांगितलं तसंच.

 एक म्हातारा खाली बसला.

भाचा आत गेला. पाणी तापवायच्या चुलीतले निखारे स्वतःच्या हातानं मडक्यात भरले. अंगणाच्या कडेपर्यंत माझ्यासोबत आला आणि थांबला. 

"वाऱ्याला पाठ करून जा, वैनी."

मग तोच पुढं झाला आणि वाऱ्याच्या बाजूनं माझ्या शेजारी चालायला लागला. त्याच्या मागं खालची सगळी वाडी.

आत्याबाई, विस्तव नीट पोचला. आता झोपा.

महादूभाऊ, तुम्हालाही आज दोन्ही वाड्यांचा नमस्कार.