अर्ध्या एपिसोडवरचं पूर्ण मत

आमच्या गल्लीत मत नसलेला माणूस मी पाहिला नाही. कूलरच्या जाळीला खस लावावी की लाकडी वुडवूल, पोराला आयटीआयला टाकावं की कॉमर्सला, अमक्याच्या सुनेनं साडीच नेसावी की ड्रेस चालेल, कोणी विचारो न विचारो, मत तयार. आणि ही सगळी मतं जमा व्हायची आमच्या घरी. कारण टीव्ही आमच्याकडे होता, आणि मतं गोळा करायला बाबा होते.

बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. फाईल वर जायच्या आधी तिच्यावर खालपासून सगळ्यांचे शेरे घ्यायचे आणि मग शेवटी आपला शेरा मारायचा, ही त्यांची तीस वर्षांची सवय. घरी आल्यावर शर्ट खुंटीला लागायचा, सवय नाही. चपलासुद्धा चार जणांना विचारून घ्यायचे. चौघांनी चार सांगितल्या की आठवडाभर जुन्याच चपला घालून फिरायचे.

ही पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. दर शुक्रवारी संध्याकाळी दिल्लीहून एक विनोदी सिरियल लागायची. नवरा, बायको, आणि दर वेळी काहीतरी मागायला येणारा एक शेजारी. दर आठवड्याला नवी गोष्ट, आणि मागून रेकॉर्ड केलेलं हसणं. साडेसातपासून आमच्या दाराशी चपलांचा ढीग लागायचा. काही लोक सिरियलसाठी यायचे, काही आमच्या कूलरसाठी. माणसं सतरंजीवर, बायका पलंगाला टेकून. आई मात्र बसलेली मला कधी आठवत नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची, एक डोळा गॅसवर ठेवून.

सिरियल संपली की बाबा उठून आवाज बंद करायचे आणि शेरे घ्यायला सुरुवात. वयानं लहान असलेल्यापासून वर. "हं, तुमचं काय म्हणणं?" एकेक जण घसा साफ करून बोलायचा. सगळ्यांचं झालं की बाबा त्याचं सार काढायचे आणि ते सार हिंदीत पोस्टकार्डावर लिहून दिल्लीला जायचं. तिकडे रविवारी प्रेक्षकांची पत्रं वाचून दाखवायचा कार्यक्रम असायचा ना, त्यासाठी. लिहायची मी, कारण घरात माझं अक्षर चांगलं. तोवर अकरा कार्डं गेली होती आणि एकही वाचलं गेलं नव्हतं. आईचं मत कोणत्याच कार्डात नव्हतं. बाबा फक्त बसलेल्यांना विचारायचे.

त्या उन्हाळ्यात मला कळमेश्वरच्या एका कारखान्यातून पत्र आलं. टायपिस्ट-कम-क्लार्क. पंधरा दिवसांत रुजू व्हा, नसाल येणार तर तसं कळवा, म्हणजे पुढच्या उमेदवाराला बोलावता येईल. दोन वर्षं मी पहाटे उठून नागपूरच्या महाल भागातल्या टायपिंग क्लासला सायकलवर जात होते, त्याचं हे फळ. मला ती नोकरी हवी होती. लग्न होईपर्यंत वेळ घालवायला नव्हे, हौस म्हणून नव्हे. मला ती हवी होती, बस्स. पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद फाटायला आला.

बाबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "पाहू. विचारू."

विचारू, म्हणजे माझी फाईल फिरायला लागली. कचेरीतले दोघं हो म्हणाले, एक नाही म्हणाला. आत्या नाही म्हणाली. कळमेश्वरची बस सकाळी किती वाजता निघते आणि संध्याकाळी किती वाजता परत येते, हे साऱ्या गल्लीला पाठ झालं. असे दहा दिवस गेले. मी रोज विचारायची, बाबा रोज "पाहून राहिलो ना बेटा" म्हणायचे. माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

आणि अकराव्या दिवशी शुक्रवार आला.

त्या दिवशीच्या एपिसोडात काय असावं? बायकोला नोकरी लागते. मी सतरंजीवर ताठ बसले. बायको ऑफिसला जाते, नवरा घरी भात लावतो, भात उतू जातो, इस्त्रीनं पँट जळते, शेजारी साखर मागायला येतो तर नवरा त्याला मीठ देतो. आमच्या घरात हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी. मला एकदाही हसू आलं नाही. शेवटी नवरा कंबरेवर हात ठेवून म्हणतो, आता तूच ठरव काय ते, असं घर चालणार नाही. बायको गंभीर होते. सोफ्यावर बसते, पर्समधून कागद काढते, पेन काढते, लिहायला लागते.

आणि लाइन गेली.

उन्हाळ्यात हे रोजचंच होतं. सगळ्यांचे कूलर सुरू झाले की आमच्या बाजूची फेज जायची. समोरच्या बाजूची मात्र असायची. समोर ज्यांचं घर होतं त्यांनी वर्षभरापूर्वी कलर टीव्ही घेतला होता आणि तेव्हापासून बाबांनी त्या घराकडे बघणंच सोडलं होतं. त्यामुळे आमच्याकडे बसलेल्यांपैकी कोणाला उठून पलीकडे जायची सोय नव्हती. खिडकीतून समोरचा निळा उजेड दिसत होता आणि सगळे तिकडे पाठ करून वारा घेत होते. आईनं डबा चाचपला, मेणबत्ती संपली होती. ती मागच्या दारानं कुठून तरी आणायला गेली.

"पाच मिनिटाचंच राह्यलं होतं," बाबा अंधारात म्हणाले. "दिसलंच आहे काय होणार ते. राजीनामा लिहून राहिली होती ते. हं, चला, तुमचं काय म्हणणं?"

माझ्यापासून सुरुवात व्हायला हवी होती, मी सगळ्यांत लहान. त्या दिवशी बाबांनी मला गाळलं. बँकेतले काका म्हणाले, "बरोबर केलं तिनं. घराचं वाटोळं करून नोकरी काय कामाची?" शेवटी तिनं समजूतदारपणा कसा दाखवला वगैरे त्यांच्या बायकोनं जोडलं. मला आशा होती ती शेजारच्या शाळेतल्या बाईंची. त्या स्वतः वीस वर्षं नोकरी करत होत्या, रोज दोन बस बदलून. त्या हातपंख्यानं वारा घेत म्हणाल्या, "नोकरी म्हणजे काय असते ते मले विचारा. सुटली बिचारी."

मला संताप आला. मी म्हटलं, "ते सिरियल आहे, बाबा. लोकांना हसवायला करतात. त्यावरून माझं ठरवणार का?"

"तुझं कोण बोलून राहिलं? आपण एपिसोडवर बोलून राहिलो," बाबा म्हणाले. पण सगळी खोली माझ्याकडेच बघत होती, अंधारातसुद्धा कळत होतं.

तेवढ्यात आई पेटती मेणबत्ती हातानं झाकत आत आली. बाबा म्हणाले, "इतका वेळ?" मेणबत्ती तिनं टीव्हीवर ठेवली आणि काका पुन्हा राजीनाम्यावर बोलायला लागले तशी म्हणाली, "अवं, पण ते बाई तं..."

मी तिच्यावरच खेकसले. माझा सगळा राग निघायला तीच सापडली. "आई, तू मधात बोलू नको. तुला काय माहीत आहे त्यातलं?"

आई थांबली. मेण सांडलं होतं ते नखानं खरवडलं आणि आत गेली.

लोक गेल्यावर बाबांनी मला समोर बसवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ते अगदी प्रेमानं म्हणाले, "पाह्य बेटा, इतके लोक, एकानं तरी दुसरं म्हटलं का? ज्या बाई स्वतः नोकरी करतात, ते सुद्धा तेच म्हणून राहिल्या. आपण काही जगावेगळं नाही करून राहिलो." फाईलवर त्यांचा शेरा पडला होता. मी भांडले, रडले, जेवले नाही. सिरियल फालतू आहे म्हणाले, गल्ली फालतू आहे म्हणाले. पण एपिसोडचा शेवट खरंच तसा झाला असेल का, हे एवढी बोलणारी मी, मलाही विचारावंसं वाटलं नाही.

त्या मेणबत्तीच्या उजेडात मी दोन गोष्टी लिहिल्या. एक दिल्लीचं पोस्टकार्ड: पत्नीनं नोकरी सोडून घराला पहिलं स्थान दिलं, हा शेवट आम्हा सर्व दर्शकांना अतिशय आवडला. दुसरं कळमेश्वरचं पत्र: घरगुती अडचणीमुळे रुजू होऊ शकत नाही, क्षमस्व. दोन्ही एकाच पेनानं, दोन्ही चांगल्या अक्षरात. सकाळी कचेरीत जाताना बाबांनी स्वतः पेटीत टाकली.

नंतरचे दोन महिने मी घरात कोणाशी धड बोलले नाही. शुक्रवारी चपलांचा ढीग लागला की मी गच्चीवर जायची.

आणि एका रविवारी, सगळं जेवण आटोपून लोक सुस्तावलेले असताना, बाबांची हाक आली. "ये वं लवकर, आपलं कार्ड!" गल्लीतल्या चार घरांतून लोक धावत आले. बाबा टीव्हीच्या इतके जवळ बसले होते की त्यांच्या चष्म्यात चित्र दिसत होतं. टीव्हीवरच्या बाई माझं अक्षर हातात धरून वाचत होत्या. नागपूरचं नाव घेतलं, बाबांचं नाव घेतलं, तेव्हा बाबांनी उगाचच कॉलर नीट केली. बाईंनी पूर्ण कार्ड वाचलं आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे बघून हसल्या. तो म्हणाला, "पर हमारी नायिका ने तो नौकरी छोड़ी ही नहीं. लगता है नागपुर में कोई और एपिसोड चला था."

आणि पुढचं पत्र सुरू झालं, इंदूरचं.

बाबांनी उठून टीव्ही बंद केला. मग बँकेतले काका पायजम्याची नाडी चाचपत म्हणाले, "मले तं त्या एपिसोडनंतरच्या सोमवारीच कळलं होतं, भाऊ. बँकेत पोट्टे बोलून राहिले होते. म्हटलं, कार्ड तं गेलं, आता तुम्हाले कशाले सांगा." शाळेतल्या बाई म्हणाल्या, त्यांनाही स्टाफरूममध्ये कळलं होतं. त्यांनाही वाटलं, जाऊ द्या.

जाऊ द्या म्हणे. सोमवारी, कारखान्यानं सांगितलेल्या पंधरा दिवसांतला एक दिवस उरला होता. मंगळवारी सकाळच्या बसनं जाऊन मी ते पत्र पोचायच्या आधी रुजू होऊ शकले असते. मतं द्यायला सगळे हजर होते, आणि एवढी एक खरी गोष्ट सांगायला कोणाला सवड झाली नाही. मी हे सगळं त्यांच्या तोंडावर बोलले. बाबा बंद टीव्हीचं लाकडी शटर लावत होते, आणि ते नेहमीसारखं अर्ध्यात अडकलं होतं.

मी पाय आपटत स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याशी सुपात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "ऐकलं ना? साऱ्या दुनियेला माहीत होतं. आपणच तेवढे मूर्ख."

"मले तं त्याच दिवशी माहीत होतं," आई म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती तांदळातून मान न काढता सांगत होती. "समोर गेली होती मेणबत्ती मागाले. त्यायचा टीव्ही सुरू होता. दारातच उभी राहून पाह्यलं पुरं."

"मग सांगितलं काहून नाही?" मी ओरडलेच.

"सांगून राहिली होती." तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "तूच म्हटलं, मधात बोलू नको."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. बाबांनी तिला कधी विचारलं नाही, गल्लीनं विचारलं नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्यावर मी हक्कानं चिडू शकत होते. पण त्या दिवशी ती न विचारता बोलली होती, माझ्यासाठी बोलली होती, आणि मी तिचं तोंड बंद केलं होतं. माझी नोकरी कोणी घालवली याची यादी मी दोन महिने मनात घोकत होते. त्या यादीत मी नव्हते.

मला पुढे दुसरी नोकरी लागली, बाबांनी तेव्हा कोणालाही विचारलं नाही. पण ते नंतरचं. त्या दुपारी मला एकच प्रश्न सुचला, जो त्या रात्री कोणीच विचारला नव्हता.

"मग शेवटी काय झालं, आई?"

तिनं पहिल्यांदा सूप खाली ठेवलं. दोन महिने सांभाळून ठेवल्यासारखं तिनं सगळं सांगितलं, नवऱ्यानं तोंड कसं केलं, शेजारी कुठून आला, सगळं. सांगता सांगता तिला हसू आवरेना.

"आन तो कागद पाह्यला होता ना तुम्ही? राजीनामा कुठचा, वं. त्याच्यासाठी लिहून राहिली होती ते. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. त्याच्या हातात देते आन डबा घेऊन चालली ऑफिसात."