कुंडीत वाढलेलं रानफूल

आमच्या भागातल्या रानफुलांवर एक पुस्तक आहे. त्यात सूर्यफुलाच्या कुळातल्या एका निळ्या फुलाचं वर्णन मी लिहिलं आहे. 'झाड कमरेएवढं, पानं वीतभर, मऊ, गुळगुळीत. फुलं फिकट निळी.' हे वर्णन चूक आहे. झाड तेच होतं, पण ते शहरात, रामदासपेठेतल्या माझ्या गच्चीवर, कुंडीत वाढलेलं होतं.

नरखेडकडच्या एका नाल्याकाठून मी ते रोप आणलं, तेव्हा त्याला फुलं नव्हती. फुलण्याच्या दिवसांत परत जायचं आणि जागेवर मोजायचं, अशी आम्हा वनस्पतीशास्त्रवाल्यांची रीत. झाड दाबून वाळवलं की निळा रंग उडतो, आणि कुंडीत लाड झाले की त्याची चणच बदलते. वर्गात मी हे घसा फोडून सांगायचो. पण त्या वर्षी एसटीने एवढ्या लांब पुन्हा जायचा कंटाळा केला. गच्चीवर शेणखत, रोज पाणी, भिंतीची सावली. झाड फोफावलं. मी पट्टी लावली, मापं उतरवली आणि ठिकाण म्हणून नाल्याचं नाव टाकलं.

पुढे एक विद्यार्थिनी तेच झाड घेऊन माझ्याकडे आली. नरखेडकडचीच, संत्र्याच्या बागायतदाराची मुलगी. नाल्याकाठच्या वनस्पतींवर तिला संशोधन करायचं होतं. झाड जेमतेम गुडघ्याएवढं, पानं बोटाएवढी, खरखरीत. मी पाहताच ओळखलं.

"सर, हे तेच आहे ना?"

हो म्हटलं असतं, तर मी कुठलं झाड मोजलं तेही सांगावं लागलं असतं. "वर्णन वाच," मी म्हणालो. "पानं जुळतात का?"

तिने वाचलं, झाड उचललं आणि गेली. संशोधनाचा विषय पुन्हा काढला नाही.

यंदा दिवाळीनंतर, इतक्या वर्षांनी, तिचा फोन आला. "सर, संत्रा तोडून राहिलो. या न एकदा बागेत." तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पेपर उघडायचा, मिटायचा, गच्चीवर जायचं, रिकाम्या कुंड्या पाहून खाली यायचं. चहा दोनदा गरम करावा लागला तेव्हा बायको म्हणाली, "पायाले भिंगरी बांधली का? संत्रे खायला चालले की मुलगी पाहायला?"

बागेत तिने खाट टाकली, संत्री पुढे ठेवली. तिचेही केस आता पिकलेत. मला बसवेना. मी पंपाच्या खोलीपर्यंत जायचो, परत यायचो.

"बसा न सर. काहून असे फिरून राहिले? खाटेत ढेकूण नाहीत आमच्या."

खोलीमागे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ती निळी फुलं होती. गुडघ्याच्याही खाली. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. कुंडी, शेणखत, आणि तिला दिलेलं उत्तर.

ती संत्रं सोलत राहिली. "म्हणजे मी आणलेलं तेच होतं."

"हो."

"तुमच्याकडून निघाले ते सरळ डोळे तपासायला गेले होते सर. नंबर नाही निघाला. मंग म्हटलं, आपल्या डोक्यातच कमी आहे काही." तिने बिया हातात काढल्या. "धुऱ्यावर दरवर्षी तणनाशक मारतो आम्ही. पुस्तकातलं झाड हे नाहीच, तर ठेवायचं कशाला? विहिरीच्या पाण्यात औषध जाऊ नये म्हणून इथं तेवढं मारत नाही. म्हणून हे राहिलं."

मग ती घरात गेली आणि पट्टी, कागद, पेन घेऊन आली. "बसा आता खाली. मोजा. मी लिहिते."

गुडघे कुरकुरले, पण बसलो. एकेक माप सांगत गेलो.

"रंग?"

"फिकट निळा," सवयीने निघून गेलं.

"पाहून सांगा."

मी भिंग लावलं. फिकट नव्हताच. जवसाच्या फुलाचा सकाळी असतो, तसा होता.

उठताना म्हणालो, "दुरुस्ती छापताना खरं झाड दाखवणारी म्हणून तुझं नाव देतो."

"माझं नाव राहू द्या. पहिले तुमचं चुकलं ते लिहा. मंग नावाचं पाहू."

तर लिहितो. झाड गुडघ्याच्या खाली. खोड काटक, बुडाशी लालसर. पानं बोटाएवढी, एकाआड एक, दोन्ही अंगांनी खरखरीत. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक बारक्या फुलांचा झुबका. कडेची जवसासारखी निळी, मधली पिवळी. जागा: विहिरीजवळ, पंपाच्या खोलीमागचा धुरा. फळाचं वर्णन यात नाही. फळ धरायला अवकाश आहे, आणि त्यासाठी मला पुन्हा तिथे जावं लागेल.